पाण्याचे मजले

श्रावणकाकांना पाणी विचारायचं म्हणजे यजमानाची परीक्षाच. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा बायकोनं पेला पुढे केला, तर काका म्हणाले, "माठातलं वरचं का खालचं?" ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. "पान्याले मजले रायतात, बाई," काकांनी समजूत घातली आणि स्वतः उठून माठाच्या तळापर्यंत ओगराळं घातलं.

केनवडच्या नळयोजनेवर त्यांनी उभं आयुष्य पंप चालवला. निवृत्त झाले, पण पाणी काही सुटलं नाही. दर रविवारी सकाळी ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूब फुगवून ते गावाबाहेरच्या तलावात मधोमध जाऊन बसतात. डोक्याला रुमाल, गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत वही. दगड बांधलेली बाटली दोरीनं खाली सोडायची, दुसऱ्या दोरीनं तिचं बूच ओढायचं, भरली की वर घेऊन तिच्यात थर्मामीटर बुडवायचा. असं वरचं, मधलं आणि तळचं. काठावर कपडे धुणाऱ्या बायकांनी आता हसणंही सोडलंय.

एका लग्नात तर नवरदेवाच्या आंघोळीच्या बादलीत त्यांनी कोपरापर्यंत हात घातला. गरम पाणी वर राहतं, गार खाली, म्हणजे पोरगा आधी भाजणार आणि मग गारठणार, असं त्यांचं म्हणणं. वऱ्हाडी मंडळी चिडली, पण नवरदेवानं काही तक्रार केली नाही.

माणूस मात्र पक्का. उन्हाळ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं आणि तळच्या गार पाण्यावर बसून राहतं. थंडी पडली की वरचंही गार होऊन खाली जातं आणि तळचं कुबट, प्राणवायू संपलेलं पाणी वर येतं. काका याला 'मजला पडला' म्हणतात. गेल्या हिवाळ्यात त्यांनी तलावात मासेमारी करणाऱ्या भोई मंडळींना आधीच सांगितलं होतं की मासे गुदमरून वर येतील, जाळी तयार ठेवा. ते हसले. तिसऱ्या दिवशी तलावभर मासे तोंड वर काढून धापा टाकत होते. आता भोई लोक काकांना विचारल्याशिवाय जाळं टाकत नाहीत.

हा नाद लावला तो लेकीनं. सुजाता कोकणात नोकरीला, एका उथळ आखातात होडीतून हीच मोजमापं करायची. काकी गेल्यावर बापलेकीचं फोनवरचं बोलणं 'जेवली का', 'हो', 'ठेवू का' एवढ्यात संपायचं. मग एका सुटीत तिनं हा थर्मामीटर आणून दिला आणि दर रविवारी दहाला तिचा फोन येऊ लागला. काका तलावाचे मजले सांगत, ती समुद्राचे. अर्धा अर्धा तास. ज्यानं समुद्र कधी पाहिला नाही तो माणूस मला शेलूबाजारच्या जीपमध्ये समजावून सांगायचा, की पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी खाऱ्यावर चढून बसतं आणि पाऊस सरला की हळूहळू दोन्ही एक होतात.

परवाच्या रविवारी मी तलावावर गेलो होतो. काका कुडकुडत अंग पुसत होते, तोवर मी वही चाळली. डावं पान तलावाचं, उजवं सुजाताचं. पावसाळ्यापासून उजव्या पानावर आकडेच नव्हते. 'आवाज बसलेला.' 'घाईत होती.' 'खोकला कमी.' तिनं आकडे सांगणं बंद केलं का, असं मी विचारलं.

"सांगते ना. भर पावसात मले म्हणे, वरचं अन् खालचं सारखंच खारं. मी मागचं पान काढून पाह्यलं, तं उन्हाळ्यातलेच आकडे." काका ट्यूबची हवा सोडत राहिले. "होडीवरचं काम सुटलं असन तिचं, सर. बापाले वाईट वाटन म्हणून जुनेच वाचून राह्यली."

मग सरळ विचारा की तिला, मी म्हटलं.

"विचारलं तं पोरगी फोन कायच्या निमतानं करन?"

आणि तुम्ही तरी या थंडीत पाण्यात कशाला उतरता, असं माझ्या तोंडून निघून गेलं.

"मले आकडे खरेच सांगा लागते. तिले पान्याचं समजते."

तेवढ्यात फोन वाजला. काकांनी चष्मा लावून वरचं, मधलं, तळचं नीट वाचून दाखवलं. मग पलीकडून आकडे सुरू झाले आणि ते प्रत्येक आकड्याला 'हो बाई, हो' म्हणत डोळे मिटून ऐकत राहिले. मला त्यांचा हेवा वाटला, आणि फार वाईटही वाटलं.

फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं आणि उजव्या पानावर लिहिलं, 'दोनदा हसली.'