लिनसाहेबांचा आजचा वाक्प्रचार

आमच्या ऑफिसातले लिनसाहेब रोज सकाळी घरून एक इंग्रजी वाक्प्रचार आणतात आणि संध्याकाळपर्यंत संपवतात. कालचा आज चालत नाही. शिळं नकोच त्यांना.

इथे आखातात, हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या कारखान्यात, पॅकिंग मशिन्स चीनहून येतात. त्या बसवायला लिनसाहेबही तिकडूनच आले. साठीला टेकलेले, हातात कायम गरम पाण्याचा थर्मास. जेवतात ते मशिनकडे तोंड करून, उभ्यानं. ‘बेटर लेट दॅन नेव्हर’ची पाळी होती, त्या दिवशी नेमके मॅनेजर उशिरा आले. ‘माय डीपेस्ट कन्डोलन्सेस’ होतं, त्या दिवशी चहाची साखर संपली. लिनसाहेबांनी मान खाली घालून आम्हा प्रत्येकाचं सांत्वन केलं.

आम्ही दोघंही राहायला अल नहदाला. तिथून ते माझ्याच गाडीत येतात, म्हणून मला गुरू नेमलं. "पाटील ब्रदर, युअर इंग्लिश व्हेरी नॅचरल." माझ्या इंग्रजीवर घरी माझी मुलगी सई म्हणते, "बाबा, नोबडी टॉक्स लाइक दॅट." तेव्हा ही पदवी मी लगेच स्वीकारली.

हा सगळा खटाटोप नातीसाठी. मुलगा मेलबर्नला, तिथलाच संसार. पाच वर्षांच्या मियाला फक्त इंग्रजी येतं. "शी सी मी, शी रन," ते एकदा म्हणाले. फोनवर आजोबा दिसले की पोरगी हात हलवून पसार.

"आय आस्क हर, यू ईट?" त्यांनी बेत सांगितला. त्यांच्या गावी भेटल्यावर हेच विचारतात म्हणे. आमच्या साताऱ्यात तरी दुसरं काय विचारतात? पण मी पडलो गुरू.

"नो, नो! डू वन थिंग. आस्क, ‘हाऊ वॉज युअर डे, स्वीटहार्ट?’"

मग रोज गाडीत तोच घोष. एकदा सिग्नलला शेजारच्या टॅक्सीवाल्यानं काच खाली करून उत्तर दिलं, "फाइन, हबीबी, थँक यू!"

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत फोन लागला. तिकडे रात्रीचं जेवण चाललेलं. मिया दिसली आणि लिनसाहेबांचं तोंड नुसतंच उघडं राहिलं. मी बाजूनं पुटपुटतोय, "हाऊ वॉज... हाऊ वॉज..." पोरगी खुर्चीवरून उतरायला लागली.

"यू ईट?" लिनसाहेब घाईघाईनं म्हणाले.

ती थांबली. परत वर चढली आणि नूडल्सचा बाउल कॅमेऱ्याला चिकटवला. "आय हेट द कॅरट्स. डिड यू ईट?"

लिनसाहेबांनी दिसला तो डबा उचलला. तो माझा होता.

"व्हॉट्स दॅट?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "भेंडी," मी म्हणालो.

"बेंडी!" ते म्हणाले. मिया खिदळली. मग तिचा एक घास, ह्यांचा एक. माझा डबा पुसून लख्ख झाला. आणि लिनसाहेब चक्क बसून जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत मी विचारलं, "आजचा वाक्प्रचार?"

"यू ईट?"

"अहो, तो कालचाच!"

लिनसाहेबांच्या मांडीवर दोन डबे होते. एक माझ्या हातात दिला, दुसऱ्याचं झाकण जरासं उघडून खात्री करून घेतली. आत नूडल्स होत्या. गाजराचा एकही तुकडा नव्हता.