गोडसर-करपट

मैत्रेयी पोह्यांतली कोथिंबीरसुद्धा वेचून ताटलीच्या कडेला ओळीत मांडायची. डॉक्टरांनी "भाज्या वाढवा हिच्या" म्हटल्यापासून तिची आई प्रीती भाजी लपवायच्या जागा शोधत होती. पराठ्यातला पालक पहिल्या घासालाच पकडला गेला. डोशातल्या गाजराने दोन दिवस तग धरला. आता उरलं होतं चीज. चीजच्या खाली काय दडलंय ते पाच वर्षांच्या पोरीला दिसणार नाही, अशी तिची अटकळ होती.

उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये माहेरी गेली, तेव्हा ती त्यासाठी गॅसवर धरायचा सँडविच टोस्टर घेऊन आली. "आख्खी जिंदगी चलेगा, बेटा," असं सांगून दुकानदाराने तो कागदात गुंडाळून दिला होता. वरचा स्टिकर प्रीतीने खोबरेल तेल लावून काढला, टोस्टर दोनदा घासला, उकळत्या पाण्याने धुतला.

रविवारी विहारातून आल्यावर दुपारभर तयारी चालली. सिमला मिरची थेट आचेवर, सालं काळी होईपर्यंत. भोपळ्याच्या चकत्या पापडाच्या जाळीवर. मग सगळं सोलून बारीक चिरायचं. सासूबाई, शालनताई, ओट्याला टेकून बघत होत्या.

"आधी भाजायची, मग सोलायची, मग चिरायची, मग लपवायची," त्या म्हणाल्या. "आम्ही भाजी नुसती वाढायचो बाई."

"आणि आकाश खायचे?" प्रीतीने नवऱ्याबद्दल विचारलं.

"छे! पण मी दमायची नाही."

प्रीतीने पावाच्या दोन कापांमध्ये भाजी भरली, तिच्यावर चीजचं पांघरूण घातलं, टोस्टर मिटून मंद आचेवर ठेवला, एक्झॉस्ट फॅन लावला आणि वाळलेले कपडे काढायला बाल्कनीत गेली.

तिथे तिला वास आला.

अंबरनाथच्या एमआयडीसीला लागून असलेल्या या सोसायटीत वासाला फार मान होता. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी सगळ्यांचे डोळे चुरचुरले, तेव्हापासून 'वास आला का?' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. बी.एस्सी. केमिस्ट्री म्हणून प्रीती त्याची ॲडमिन. कुजकट, आंबूस, क्लोरीनसारखा अशी वासांची यादी तिनेच करून दिली होती. पण आजचा वास त्या यादीत नव्हता. तिने आधी वळून घरात मैत्रेयी कुठे आहे ते पाहिलं. शेवटी ही यादी तिने केली होती ती मैत्रेयीसाठीच. सोसायटीला त्यात आपोआप जागा मिळाली होती.

तिने टाइप केलं, 'गोडसर-करपट. बाहेरून येतोय. आत्ता.'

मिनिटभरात वरच्या मजल्यावरच्या कुंदाकाकूंचं उत्तर आलं, 'मलाही. घसा खवखवतोय.' मग मागच्या विंगमधून तिघांना आला. एकाला तर तो बदलापुरात, बहिणीच्या घरी बसून आला. सेक्रेटरी हेमचंद्रकाकांनी लिहिलं, 'शेजारच्या केमिकल कंपनीच्या सेफ्टीवाल्यांना फोन केला आहे. गॅस बंद करा. ओला रुमाल नाकाला. सर्वांनी मागच्या गेटपाशी.'

प्रीतीने गॅस बंद केला, मैत्रेयीच्या तोंडाला ओला पंचा बांधला आणि तिला कडेवर घेऊन जिना उतरली. मागून शालनताई आल्या. त्यांच्या हातात टोस्टर होता.

"आई, हे कशाला?"

"पोर उपाशीये. सँडविच त्याला चिकटलंय, निघेना. आख्खाच आणला."

मागच्या गेटपाशी चाळीस माणसं रुमाल धरून उभी होती. हेमचंद्रकाका आयुष्यभर कारखान्यात क्वालिटीला होते. त्यांनी रुमाल जरा बाजूला केला, हुंगलं आणि हात वर केला.

"इथंही आला! वारा फिरलाय. चला, पुढच्या गेटला!"

सगळे पुढच्या गेटला गेले. तिथे दोन मिनिटं बरी गेली. मग शालनताई धापा टाकत पोचल्या, आणि कुंदाकाकू ओरडल्या, "अहो, पाठलाग करतोय हा आपला!"

"जड गॅस असणार," काका गंभीरपणे म्हणाले. "जमिनीलगत चालतो. प्रीती, तू केमिस्ट्रीवाली, बरोबर ना?"

प्रीती उत्तर देणार, तेवढ्यात तिची नजर टोस्टरच्या खालच्या बाजूवर गेली. तिथे एक गोल चमकता स्टिकर अर्धा वितळून फुगला होता. उरलेल्या अर्ध्यावरची अक्षरं अजून वाचता येत होती. 'नॉन-टॉक्सिक.'

तिला एक्झॉस्ट फॅन आठवला. तो बाल्कनीशेजारीच उघडत होता.

"आई," ती कुजबुजली, "तो वास... आपलाच आहे."

शालनताईंनी टोस्टर उलटा करून पाहिला, शांतपणे परत सुलटा केला आणि पदराखाली घेतला.

"गप बस."

"सांगायला हवं. कंपनीला फोन गेलाय."

"सांग की. मग उद्या खरंच काही सुटलं, तर या बाईचं सँडविच असेल म्हणून कोण घराबाहेर निघणारे?"

प्रीतीला नेमकी तीच भीती वाटत होती. ॲडमिनची लाज गेली तर गेली. पण एखाद्या दिवशी तिने हाक मारली आणि चाळीसांपैकी एकानेही रुमाल भिजवला नाही तर? आणि न सांगावं, तर तिचं तिलाच पुढच्या वेळी नाकावर विश्वास ठेवता येणार नव्हता. तिने मैत्रेयीला खाली ठेवलं, दोन पावलं पुढे झाली.

"काका, मला एक सांगायचंय..."

तेवढ्यात गेटपाशी एक बाइक थांबली. कंपनीचा सेफ्टी ऑफिसर यज्ञेश, हेल्मेट न काढताच, हात जोडत आला.

"सॉरी सर, एकदम सॉरी. व्हॉल्व्हचा छोटासा लफडा होता. तुमचा फोन आला आणि लगेच बंद केला. परत नाही होणार."

मग कुंदाकाकूंनी टाळी वाजवली आणि चाळीस माणसांनी ती उचलून धरली. "मानलं हं तुझ्या नाकाला!" हेमचंद्रकाका म्हणाले.

"किती वेळ चालू होता?" प्रीतीने विचारलं.

"दुपारी... म्हणजे, जास्त नाही मॅडम."

"वास कसा होता त्याला?"

यज्ञेश गडबडला. "तुम्ही कंप्लेंट केली ना, गोडसर-करपट? तोच."

दुपारभर प्रीती खिडक्या उघड्या टाकून भोपळा भाजत होती आणि तिला भोपळ्याशिवाय कसलाच वास आला नव्हता.

पायाशी कुरकुर आवाज झाला. शालनताईंनी टोस्टर उघडून वरचा चांगला पाव खरवडून काढला होता आणि मैत्रेयी पंचा हनुवटीखाली ओढून भाजीसकट खात होती. चीज तेवढं तिने वेचून टोस्टरच्या कडेला ओळीत मांडलं होतं.

पुढच्या रविवारी नवा, दोन्हीकडून तपासलेला टोस्टर गॅसवर चढला. या वेळी आत फक्त भाजी होती. आच मंद केल्यावर प्रीती बाल्कनीत गेली, खोल श्वास घेतला. कसलाही वास नव्हता. तिने मोबाइल काढला आणि यज्ञेशचा नंबर लावला.

"मी सोसायटीतून बोलतेय," ती म्हणाली. "वास येतोय."

"हो मॅडम," पलीकडून आवाज आला, "व्हॉल्व्ह बंदच करतोय."