घनाबाबांचा एकच प्रश्न

गोव्यात आमच्या हरमलात खोली भाड्याने घ्यायला येणारी माणसे पाण्याची चौकशी करतात, वायफायची करतात, समुद्र किती लांब ते विचारतात. आमचे शेजारी घनाबाब मात्र उलट गिऱ्हाइकालाच विचारतात, "तुमचं मन कुठे असतं? बोट लावून दाखवा." गिऱ्हाईक गोरे असले तर इंग्रजीत, दिल्लीकडचे असले तर हिंदीत, पण प्रश्न तोच. डोक्याला बोट लावले की रस्त्याच्या बाजूची खोली. छातीला लावले की विहिरीकडची, फणसाखालची. डोकेवाल्यांना गाड्यांचा आवाज चालतो आणि छातीवाल्यांना शांतता लागते, असे त्यांचे शास्त्र. एकदा एका रशियन बाईने पोटाला बोट लावले. घनाबाब धर्मसंकटात पडले आणि शेवटी त्यांनी तिला स्वयंपाकघराला लागून असलेली खोली दिली. ती बाई पुढे दर हिवाळ्यात तीच खोली मागायला लागली, त्यामुळे शास्त्र पक्के झाले.

त्यांचे दुसरे व्यसन म्हणजे "हयसर गोम असा", इथे काहीतरी खोच आहे, हे वाक्य. मासेवालीने बांगड्यांचा भाव सांगितला तरी त्यात गोम, रेडिओवर हवामान सांगितले तरी त्यात गोम. मी पेडण्याला पोस्टात नोकरी करते. संध्याकाळी बसमधून उतरले की मी काय काय ऐकून आले ते आधी घनाबाबांना सांगायचे, त्यातली गोम त्यांनी काढायची आणि मगच मी माझ्या घरात पाऊल टाकायचे, असा शिरस्ता आहे. माझे यजमान म्हणतात की हा माणूस एक दिवस स्वतःच्या नावातही गोम काढील.

घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, आका. आई गेली तेव्हा घनाबाब रांगत होते आणि आका परकर नेसत होती. तिने शाळा सोडली, भावाला कडेवर घेतले आणि पेडण्याच्या बाजारात मिरच्या, कणगांचे कंद विकून त्याला मॅट्रिक केले. स्थळे आली नाहीत असे नाही. पण बघायला आलेले लोक या पोराचे काय करणार म्हणून विचारायचे, आणि आका त्यांना चहा पाजून वाटेला लावायची. पुढे घनाबाब वीज खात्यात कारकून झाले, पण लग्नाचे त्यांनीही मनावर घेतले नाही. दोघे भांडत भांडत म्हातारी झाली.

गेली काही वर्षे आका विसरते. आधी मीठ विसरली, मग वार विसरली, मग समोर बसलेला भाऊ. तिला भाऊ आठवतो हो. तो शाळेत गेला आहे, आता येईल, असे ती दिवसभर सांगत असते. पण हा पिकल्या केसांचा माणूस तिच्या लेखी वीज मीटर बघायला आलेला. ती त्याला गूळपाणी देते आणि मीटर मागच्या दारी आहे म्हणून सांगते. घनाबाब मुकाट्याने मागच्या दारी जातात, मीटर बघतात आणि सगळे ठीक आहे म्हणून सांगायला परत येतात. उभ्या नोकरीत ज्यांनी मीटरकडे ढुंकून पाहिले नाही, त्यांच्यावर निवृत्तीनंतर ही पाळी आली, म्हणून आम्ही हसायचो. तेही हसायचे.

पण मन कुठे असते हा प्रश्न त्यांना पडला तो त्याच दिवसांत. शेजारीण म्हणून एवढे मला कळत होते. मनाला काही ठावठिकाणा असेल, तर त्यात कुठेतरी कोपऱ्यात आपण अजून असू, एवढीच त्या माणसाची आशा होती. बाकीचा विक्षिप्तपणा तिच्यावर घातलेले पांघरूण.

यंदा गणपतीची चवथ होऊन गेली होती, सीझन अजून सुरू व्हायचा होता, तेव्हा त्यांच्याकडे दोन जण एकदमच आले. एक पुण्याच्या डॉक्टरीणबाई, मूळच्या कोल्हापूरच्या, मेंदूचा अभ्यास करणाऱ्या. दुसरे लडाखचे एक भिक्षू, वयस्क आणि हसरे. भिक्षू ध्यानाला बसणार आणि बाई त्यांच्या डोक्याला तारा लावून आत काय चालते ते यंत्रावर बघणार, असा बेत होता. घनाबाबांनी दारातच प्रश्न टाकला. बाईंनी डोक्याला बोट लावले आणि खात्री नाही असेही म्हणाल्या. भिक्षूंनी बोट वर नेले, बराच वेळ हवेत धरले आणि खाली घेतले. शोधतो आहे, अजून सापडले नाही, असे ते हिंदीत म्हणाले. घनाबाबांनी त्यांना स्वतःची खोली दिली आणि आपण बाहेर पथारी टाकली. भिक्षूंना ते भंतेबाब म्हणायला लागले.

ती तारांची टोपी बघितल्यावर घनाबाबांना राहवेना. आपल्यालाही घाला म्हणून ते बाईंच्या मागे लागले. बाईंनी बसवले, डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितले. भंतेबाबांच्या रेघा संथ चालायच्या, यांच्या रेघा सुरुवातीपासूनच फुगडी घालत होत्या. तेवढ्यात रस्त्यावर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला. गरम उंडे पाव संपतील या भीतीने घनाबाब टोपीसकट उठले, मागून यंत्र निघाले, आणि बाईंनी धावत जाऊन ते झेलले म्हणून वाचले. श्वास काय, उद्याही असतो, असे घनाबाबांचे म्हणणे पडले.

मग त्यांनी हळूच खरी गोष्ट काढली. टोपी आकाला घालायची, आपण तिच्यासमोर जायचे, आणि रेघ उडते का ते बघायचे. बाई चांगल्या होत्या. त्यांनी समजावून सांगितले की रेघ उडेल, पण ती पोदेर आला तरी उडेल; कोणाला बघून उडाली ते हे यंत्र सांगू शकत नाही. घनाबाबांनी तरीही टोपी आकाच्या डोक्याजवळ नेली. आकाने त्यांचा हात झटकला. "माझां लगीन असा काय? मुंडावळ्यो कित्याक बांधतंस?"

संध्याकाळी त्यांच्या बलकांवात, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओट्यावर, सभा भरायची. एका बाजूच्या दगडी सोप्यावर भंतेबाब, दुसऱ्यावर डॉक्टरीणबाई, मधल्या पायरीवर पंच म्हणून घनाबाब, आणि चहा करायला मी. बाई म्हणायच्या की मेंदू थांबला की सगळे थांबते. भंतेबाब विचारायचे की हे जाणणारा कोण. घनाबाब दोघांतही गोम काढायचे आणि कोण जिंकणार याची वाट बघायचे. कोणीतरी एक जिंकणार आणि मनाचा पत्ता सांगणार, अशी त्यांची समजूत होती.

झाले भलतेच. एका संध्याकाळी भंतेबाब ओढ्याबद्दल सांगत होते. ओढ्यातले पाणी क्षणाक्षणाला नवे असते, आपण मात्र ओढा एकच म्हणतो. 'मी' म्हणतो तोही तसाच. बाई एकदम पुढे सरकल्या. त्यांनी सांगितले की मेंदूतही 'मी' बसलेला आहे अशी जागा कुठे सापडत नाही. निरनिराळे भाग आपापले काम करतात आणि त्या सगळ्या उलाढालीला आपण 'मी' म्हणतो. दोघांना कळले की आपण इतके दिवस जवळजवळ एकच गोष्ट बोलत होतो. दोघे मनापासून हसले. मलाही बरे वाटले, मी आणखी चहा ओतला.

घनाबाबांनी गोम काढली नाही. कप खाली ठेवून ते म्हणाले, "म्हणजे तुमी दोघांनी मिळान माझी आका नायशी केल्यात."

भंतेबाब गडबडले. तसे नव्हे, तिने दिलेली माया वाहतेच आहे, असे काहीतरी ते सांगायला लागले. घनाबाब उठून उभे राहिले. "ओढ्यान माका कडेर घेऊक नाय, भंतेबाब. आकान घेतल्यान."

चहा तसाच निवला.

आमच्याकडे जे घरात सुटत नाही ते देवीपुढे जाते. देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतात, गुरव गाऱ्हाणे घालतो, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घनाबाब देवळात निघाले. मला राहवले नाही, रजा टाकून मी गेले, आणि छत्र्या घेऊन डॉक्टरीणबाई आणि भंतेबाबही मागे आले. आमच्या पुढचा माणूस जुना टेम्पो घ्यावा की नको ते विचारायला आला होता. देवीने त्याला घे म्हणून सांगितले.

घनाबाबांनी गुरवाला प्रश्न सांगितला तो मोठा शास्त्रोक्त. मन मेंदूत असते की नसते? गुरव नारळ हातात धरून उभाच राहिला. देवी असल्या प्रश्नाला बसत नाही, तो म्हणाला. "कोणाचा मन, घनाबाब? घर सांगा, माणूस सांगा."

घनाबाबांनी चष्मा पुसला, परत घातला.

"आकाच्या मनात मी असंय काय नाय, ह्यां विचार."

टेम्पोवाला निघाला होता, तो थांबला. गुरवाने पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणे घातले. आम्ही सगळे बघत उभे. उजवी पाकळी जराशी घसरली आणि थांबली. डावीही हलल्यासारखी वाटली. घनाबाब माझ्याकडे वळले आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "आणि डावी पडली तर, मालूबाय? उद्या तिका जेवूक वाढूचा नाय काय?"

त्यांनी देवीला हात जोडले, कौलाची वाट न बघता ते बाहेर पडले आणि पावसातून छत्रीशिवाय चालायला लागले. गुरवाने हाका मारल्या, पण ते थांबले नाहीत. आम्ही तिघे मागून निघालो.

आम्ही पोचलो तेव्हा ते अंगणात निथळत उभे होते आणि आका बलकांवात बसली होती. तिने वर पाहिले. "अक्कल असा मगे तुका? पावसात भिजतंस?" असे म्हणत तिने त्यांचा हात ओढून त्यांना खालच्या पायरीवर बसवले आणि पदराने डोके पुसायला घेतले. हलक्या हाताने नव्हे. शाळेतून आलेल्या पोराला पुसावे तसे खसाखसा, कानामागे, मानेखाली. चष्मा निसटून मांडीवर पडला. घनाबाबांनी मान पुढे केली होती आणि डोळे मिटले होते. डॉक्टरीणबाई माझा हात घट्ट धरून उभ्या होत्या. भंतेबाबांनी छत्री मिटली होती आणि ते भिजत होते. मला तर सरळ रडू आले.

पुसता पुसता आका थांबली. तिने त्यांची हनुवटी वर उचलली आणि तोंडाकडे निरखून बघितले.

"कोणाचो रे तू?"

"तुझोच, आका."

"बरां," ती म्हणाली, आणि पदराचे कोरडे टोक शोधून पुन्हा पुसायला लागली.