मतपेटी विमानाने गेली

विमानतळावरच्या सामानाच्या शेडमध्ये मतमोजणीसाठी टेबल मांडून झालं, त्यावर चादर अंथरून झाली, आणि मग मुकादमांच्या लक्षात आलं की मतपेटीच जागेवर नाही.

निवडणूक अधिकारी बाई चहाला जाताना "पेटीकडे लक्ष ठेवा हं" असं मुकादमांनाच सांगून गेल्या होत्या. मुकादम त्या वेळी सामानाच्या गाडीवर बॅगा चढवता चढवता लोडर मंडळींना भाषण देत होते. बोलायला लागले की मुकादमांना दुसरं काही दिसत नसे.

त्या विमान कंपनीत सगळ्यात जुनी संघटना वैमानिकांची. मागून मेकॅनिक लोकांनी आपली काढली. पूर्वी हवाई सुंदरीने लग्न केलं की तिची नोकरी जायची. त्या पोरींनी संघटना करून तो नियमच उडवून लावला. राहिले होते फक्त लोडर. त्यांच्यासाठी कंपनीनेच एक कल्याण समिती नेमली होती आणि तिचे अध्यक्ष होते मॅनेजरसाहेब. तक्रार साहेबांविरुद्ध, करायची साहेबांकडे, फेटाळणार साहेबच; सगळा घरचा मामला. समितीच ठेवायची की स्वतःची संघटना आणायची, यावर आज पहिल्यांदा मतदान झालं होतं. पेटी मिळाली नाही तर मतदान रद्द आणि पुन्हा समितीच नशिबी.

मुकादमांनी डोक्याला ताण दिला, पण आठवलं ते हातांना. हिरवी बॅग, मग एक खोकं, मग काहीतरी पत्र्याचं, चौकोनी, आकाराच्या मानाने हलकं. कुणाला काही न सांगता ते हरवलेल्या सामानाच्या खिडकीपाशी गेले. तिथे त्यांची सूनबाई बसायची.

"काय बाबा, डबा विसरलात?"

"नाही गं. एक पेटी गेलीय."

"रंग?"

"अगं, मी तुझा सासरा आहे."

"इथे सगळे सारखेच. रंग सांगा."

"पत्र्याचा असतो तो."

"आत काय आहे?"

मुकादम खिडकीत वाकले. "लोडरांची मतं."

सूनबाईने पेन खाली ठेवलं. "चढवली कुणी?"

मुकादम छताकडे बघू लागले.

"अगंबाई," असं म्हणून तिने फोन उचलला.

पेटी सामानाबरोबर तिकडच्या विमानतळावर सुखरूप उतरली होती आणि परतीच्या विमानाने यायची होती. ही बातमी ऐकून अधिकारी बाईंनी कपाळाला हात लावला. साहेब मात्र खुशीत होते. त्यांनी सगळ्यांसाठी बिस्किटं मागवली.

संध्याकाळी पेटी आली. कुलपावरचं सील शाबूत होतं. बाईंनी पेटी उघडून टेबलावर उपडी केली, तर मतपत्रिकांबरोबर सामानाचे टॅगही पडले, चांगले मूठभर. प्रत्येकाच्या मागे पेनने काहीबाही लिहिलेलं. तिकडच्या लोडरांनी वरच्या फटीतून आपलीही मतं आत सोडली होती.

"बघा," साहेब म्हणाले. "हा कट आहे. तिकडची माणसं फोडायला पेटी मुद्दाम पाठवली. करा रद्द."

"मुद्दाम पाठवली असेल तर रद्दच करावं लागेल," बाई म्हणाल्या. "कुणी पाठवली?"

लोडर मंडळी मुकादमांकडे बघत होती, आणि त्यांच्या नजरेत कौतुक होतं. केवढा डाव टाकला आपल्या माणसाने! मुकादमांना ते कौतुक फार गोड लागलं. जन्मात कुणी त्यांच्याकडे असं बघितलं नव्हतं. पण ते पदरात घ्यायचं तर संघटना बुडत होती.

"बाई, मीच चढवली," ते खाली मान घालून म्हणाले. "भाषण करत होतो. हात आपले चालूच होते."

"भाषण कशावर होतं?"

"डोळे उघडे ठेवून काम करा, यावर."

आधी एक जण फिस्सकन हसला, मग सगळी शेड हसली. बाईंनी तोंडाला रुमाल लावला.

"साहेब, पदरचं रचून कुणी स्वतःला एवढं मूर्ख ठरवत नाही," त्या म्हणाल्या आणि मतं मोजायला बसल्या. संघटना चांगल्या मताधिक्याने निवडून आली. साहेबांनी उरलेली बिस्किटं पुड्यात परत भरली.

"हे टॅग मात्र मोजता येणार नाहीत," बाई म्हणाल्या.

मुकादमांनी ते गोळा केले. सगळ्यात वरच्या टॅगवर लिहिलं होतं: 'पेटी चुकून आलेली दिसते. आमच्याकडे तर चुकूनही कुणी विचारायला येत नाही. आलीच आहे तर आमचंही मत धरा.'

मुकादमांना एकदम भरून आलं. ते उठून उभे राहिले.

"बाई, या माणसांना असं वाऱ्यावर सोडून चालणार नाही. उद्या मी स्वतः तिकडे जातो. त्यांना सांगतो, बाबांनो, जागे व्हा, हातात काय येतंय ते बघायला शिका..."

आवाज चढत गेला, मंडळी टाळ्या वाजवू लागली, आणि बोलता बोलता मुकादमांनी टेबलावरची बाईंची पर्स उचलून शेजारच्या सामानाच्या गाडीवर ठेवली.

बाई उठल्या आणि पर्स परत घेऊन आल्या.