वस्तूंचं तेरावं

आमच्या बिल्डिंगच्या गेटवर एकदा सायकलला प्लास्टिकच्या खुर्च्या बांधून एक फेरीवाला आला. नाडकर्णीबाई जिना उतरून आल्या, एक खुर्ची उलटी केली, तिचं बूड नीट निरखलं आणि त्याला विचारलं, "मेल्यावर कुठे जाणार?"

तो बिचारा हादरला. "बाई, घरी बायकापोरं आहेत माझी. सकाळी सकाळी असं काय बोलता?"

"तू नाही रे, ही. मोडली की कुठे जाणार?"

"मोडत नाय. ग्यारंटी आहे."

"मग तर आणखीच कठीण," असं म्हणून बाईंनी कपाळाला हात लावला. तो माणूस पुन्हा आमच्या गल्लीत दिसला नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. बोळिंजला आमची वाडी होती, केळी आणि पानवेलीची. वाडीवर बिल्डिंग उभी राहिली तेव्हा बदल्यात मला पहिल्या मजल्यावर खोल्या मिळाल्या आणि मागे केळीचा एक तुकडा उरला. चौथ्या मजल्यावर या बाई राहायला आल्या. पन्नाशीच्या, एकट्या, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत स्क्रूड्रायव्हर. मुंबईच्या कॉलेजात शिकवतात एवढंच समजलं. आम्हांला वाटलं, गणित असेल.

गणित नव्हतं. घरातल्या वस्तू कशा दिसाव्यात, कशा बनवाव्यात हे शिकवणारं कॉलेज असतं म्हणे. मिक्सर, दिवे, टूथब्रश. त्यात बाईंचा विषय वेगळाच. त्याचं इंग्रजी नाव एवढं लांब की माझी कवळी मधेच सुटते. मला समजलं ते असं, की पोरांनी वस्तू जन्माला घालायच्या आधीच तिच्या मरणाची काळजी करायची. मी म्हटलं, "बाई, बारशाच्या आधी मौतीचं सामान?" तर त्या टाळी देऊन म्हणाल्या, "तात्या, बरोब्बर! हे माझ्या पोरांना कळायला तीन वर्षं लागतात."

माझी बायको मथुरा गेली तेव्हाची गोष्ट सांगतो. तेराव्याला माझ्या मेहुण्याने जेवणासाठी थर्माकोलच्या पत्रावळी आणल्या, गठ्ठेच्या गठ्ठे. घर माणसांनी भरलेलं. बाई दारात आल्या, गठ्ठा बघितला आणि तोंडातून निघून गेलंच, "मेल्यावर कुठे जाणार?"

मेहुणा भाविक माणूस. हात जोडून म्हणाला, "वैकुंठाला. पुण्यवान होती."

बाईंनी जीभ चावली. तशाच खाली गेल्या, माझ्या केळीतून पानं कापून आणली, नळावर धुतली आणि सगळ्या पंगती पानावर बसवल्या. त्यांच्या साडीला केळीच्या चिकाचे डाग पडले ते पडलेच. मथुरा जन्मभर पानावर जेवली होती. माझ्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांच्या आलं.

त्यांची पोरं म्हणजे एक तमाशाच. एकदा आठवडाभराचा स्वतःचा कचरा पिशवीत भरून गळ्यात अडकवून आली. वेफर्सची पाकिटं, बाटल्या, काय काय. वॉचमन आत सोडीना. म्हणाला, "मॅडम, हे तुमचे स्टुडंट की भिकारी?" बाई म्हणाल्या, "श्रीमंत आहेत. एवढा कचरा गरिबाला परवडत नाही."

दुसऱ्या एका पोराने टेबलावरचा दिवा बनवून आणला. असा देखणा की मीसुद्धा हात लावून बघितला. बाईंनी विचारलं, आतलं बिघडलं तर उघडायचा कुठून? पोरगा म्हणाला, उघडायचा नाहीच, नवा घ्यायचा. बाईंनी त्याच्या हातात माझं फावडं दिलं. माझ्या केळीत खड्डा खणवला, त्यात तो दिवा पुरला आणि शेजारी केळीच्या खोडाचा एक कापलेला सोट. वर्षाने सगळ्यांना बोलावून तेच उकरायला लावलं. सोटाची माती झाली होती, काळी, भुसभुशीत, गांडुळांनी भरलेली. दिवा नुकत्याच बोहल्यावर चढलेल्या नवरदेवासारखा चकाचक. पोरगा मातीत गुडघे टेकून बसला तो उठेचना. मी आयुष्यभर माती उपसली, पण तिला असं बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

आणि भादव्यात, पितृपक्षाच्या रविवारी, गच्चीवर वस्तूंचं तेरावं. आमचा सेक्रेटरी ओरडला, "गच्चीवर श्राद्धं चालणार नाहीत!" बाई म्हणाल्या, "भटजी नाही, पिंड नाही, फक्त स्क्रू आहेत." प्रत्येक पोराने एक मेलेली वस्तू आणायची. ती कोणाची, तिने काय काम केलं, कशाने मेली ते सगळ्यांसमोर सांगायचं. मग उघडायची. तांबं तांब्यात, लोखंड लोखंडात. पण उघडण्याआधी अंगावरचे डाग वाचायचे. कुठे घासलंय, कुठे रंग उडालाय, कुठे टवका गेलाय. बाई म्हणायच्या, "वस्तू खोटं बोलत नाही. कोणी, कसं, किती प्रेमाने वापरली, सगळं अंगावर लिहिलेलं असतं. वाचा." एक पोरगी टूथब्रश घेऊन बसली होती. दोन जातींचं प्लास्टिक एकमेकांत असं चिकटवलेलं की सुटेचना. बाई चिडल्या, "जाळल्याशिवाय ही दोघं वेगळी होणार नाहीत. हा गुन्हा आहे." मी कोपऱ्यातून म्हटलं, "आमच्यात याला संसार म्हणतात." पोरं हसली. बाई हसल्या नाहीत, माझ्याकडे बघत राहिल्या.

आता मथुराच्या खुर्चीचं सांगतो. शेवटची वर्षं ती चाकाच्या खुर्चीत होती. ती गेली आणि खुर्ची हॉलमध्ये राहिली. मी तिच्यावर चादर टाकली. टाकून द्यायला हात होईना, बघायला डोळे होईनात. जेवायला बसलो की समोर ती, चादर पांघरून. मुलगी विजू नालासोपाऱ्याहून यायची आणि बोलायची, "बाबा, त्या खुर्चीपायी तुम्ही जेवत नाही. भंगारात द्या." शेवटी तिने बजावलं, "या रविवारी भंगारवाल्याला घेऊनच येते."

नवल असं की बाई माझ्या घरी येऊन माझ्या स्टोव्हला, रेडिओला, छत्रीलासुद्धा त्यांचा तो प्रश्न विचारायच्या. खुर्चीला कधी विचारला नाही. तिकडे बघायच्याच नाहीत.

त्या रविवारी गच्चीवर तेरावं होतं. विजू यायच्या आत मी पोरांना हाक मारली आणि खुर्ची वर नेली. म्हटलं, "बाई, भंगारात जायच्या आधी हिचं रीतीने घाला."

बाईंनी चादर काढली. चाक फिरवलं, ब्रेक ओढला. सीटची शिवण बोटांनी चाचपली. मग म्हणाल्या, "तात्या, मेलेल्याचं तेरावं घालतात. ही जिवंत आहे. एक चाक अडतंय आणि रेक्झीन उसवलंय. मनवेलपाड्याला एक आजी आहेत, मांडीचं हाड मोडून पडल्यात. संध्याकाळपर्यंत हिच्यात बसतील."

मी खाली पडलेली चादर उचलून छातीशी धरली. भंगारात तुकडे झाले असते तर एक वेळ सोसलं असतं. आख्खी खुर्ची, आणि तिच्यात दुसरं कोणी? मी म्हटलं, "बघतो." बाईंनी पोरांना सांगितलं, "वाचा."

पोरं गोळा झाली. खुर्चीच्या हातांवरचा रंग उडालेला होता, तो मथुराच्या बांगड्यांनी. चाकाच्या कडा झिजल्या होत्या, त्या आमच्या उंबऱ्याने. मग ती टूथब्रशवाली पोरगी गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "मॅडम, हा बघा. सीटच्या पुढच्या कडेला, मधोमध. तेलाचा डाग आहे, खूप जुना, थरावर थर. बसणाऱ्याचा नाही हा. इथे तर तिचे गुडघे येणार. कोणीतरी खाली, जमिनीवर बसायचं, पाठ करून. डोकं टेकवून." तिने माझ्याकडे बघितलं. "तात्या, तुम्ही?"

मी टोपी काढून तुळतुळीत टक्कल दाखवलं. "हिला कोण तेल लावील, बाळ?"

पोरं खिदळली. मग एकेक करून वळून बघू लागली, कारण बाई गच्चीच्या कठड्याकडे तोंड करून चष्मा पुसत होत्या. पुसतच होत्या.

"डोकं माझं," त्या म्हणाल्या. "दुपारी तुम्ही केळीची पानं घेऊन बाजारात जायचात, तात्या. कॉलेज नसेल तेव्हा मी खाली यायचे. तिला वाचून दाखवायला म्हणून यायचे. ती म्हणायची, वाचन राहू दे, बस इथे. काय झिपऱ्या करून घेतल्यास, वृंदे. तिचे हात तेवढे चालायचे ना. मला या गावात वृंदे म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं."

मला काही ठाऊक नव्हतं. घरी आलो की मथुराच्या हातांना खोबरेलाचा वास यायचा. मी समजायचो, स्वतःलाच लावत असेल.

पोरांनी चाक मोकळं केलं, रेक्झीन शिवलं. टूथब्रशवाली साबणाचं फडकं घेऊन डागाकडे वळली, तर बाई जवळजवळ ओरडल्या, "तो नको!" त्यांच्या तोंडून असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मग हळूच माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "तात्या, घाई नाही तशी. पुढच्या रविवारी दिली तर?"

सगळ्या जगाला मेल्यावर कुठे जाणार म्हणून विचारणारी बाई ती. मी तिच्या केसांकडे बघितलं. रुक्ष झाले होते. आणि छातीशी धरलेली चादर मी कठड्यावर टाकून दिली. खुर्चीत कोणी बसलं म्हणून मथुरा संपते थोडीच. माझ्या पाठीमागे, मला न सांगता, ती तिथे कुणाची तरी आई होऊन बसली होती.

"नको," मी म्हटलं. "ती म्हातारी जमिनीवर निजलेली असेल. आजच नेऊ."

विजू खाली भंगारवाल्याला घेऊन आली होती. मी गच्चीवरूनच ओरडून त्याला परत पाठवलं. पोरं खुर्ची उचलायला धावली. बाईंनी त्यांना बाजूला केलं. पुढून त्यांनी धरली, मागून मी. बिल्डिंगला लिफ्ट नाही. आम्ही दोघं एकेक पायरी उतरत राहिलो, पोरं मागोमाग.

तिसऱ्या मजल्यावर त्या म्हणाल्या, "तात्या, जरा टेकू या का?"

त्या दमल्या नव्हत्या. मीही दमलो नव्हतो. आम्ही खुर्ची खाली ठेवली आणि जिन्यात तिच्या दोन्ही बाजूंना बसून राहिलो.