कोरडी रांग

तुरीला तहान लागली की तिच्या पेशीत कोणतं जनुक जागं होतं, यावर पंचशीलाचा एम.एस्सी.चा सगळा प्रबंध उभा होता. त्यासाठी कॉलेजच्या गच्चीवर तुरीच्या दहा कुंड्या. पाचांना रोज एक गिलास पाणी, पाचांना पंधरा दिवस थेंबही नाही; मग पानं तोडायची आणि तपासायची. एवढं साधं काम. पण लातूरला रेल्वेनं पाणी यायला लागलं, होस्टेल बंद पडलं आणि प्रयोगाच्या पहिल्याच दिवशी पंचशीलाला बोचकं बांधून जळकोटला घरी जावं लागलं. पाच-पाचच्या दोन रांगा लावून, त्यांना पाट्या अडकवून कुंड्या तिनं शिपाई केरबामामांच्या हवाली केल्या. वर एक वही दिली.

"मामा, काय घातलं, किती घातलं, रोज लिहायचं. आणि कोरड्या रांगेला पाणी नाही बरं का."

"मी काय लेकरू हाय का?" मामा म्हणाले.

चौदाव्या दिवशी ती परत आली, ती थेट गच्चीवर. कोरडी रांग हिरवीगार, वाऱ्यावर डुलत होती. पाण्याची रांग माना टाकून बसली होती.

"मामा, हे काय करून ठेवलं?"

"ह्येंच्या पाटीवर 'रोज पाणी' लिवलंय. ज्याचं नाव यादीत हाय, त्याला कुनी बी देतंय. तेंच्या पाटीवर 'पाणी नाही'. तेंला कोन इचारनार? बघवना मला."

"अहो, पाटीवर लिहिलं होतं ना!"

"पाटीचं काय घिऊन बसलाव ताई. उदगीरवाले नवा जिल्हा मागायलेत. जिल्ह्याची पाटी लागली की नळाला पानी म्हनतेत. लातूरला पाटी लागून चौतीस वर्सं झाली. नळ बघा जरा."

प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले होते. नवी तूर पेरून वाढवायची म्हणजे वर्ष बोंबललं. पंचशीलाला रडूच फुटलं.

गाईड शेषेराव सर वर आले ते मामांवर तोंडसुख घ्यायलाच. पण हातात वही पडली आणि ते वाचतच राहिले. 'दिवस तिसरा. सकाळी साडेदहा. रोजच्या रांगीला पानी न्हाई. कोरडीला एकेक गिलास. माझ्या बाटलीतलं.' चौदाही दिवस असेच, एकही खाडा नाही.

"रडतेस काय?" सर म्हणाले. "नुसत्या रांगा बदलल्यात. नोंद पक्की आहे. पाट्या बदल आणि जसं घडलं तसं लिही. बाटली कुणाची तेसुद्धा. उद्या पानं तोड."

एका दिवसाचा प्रश्न होता. आता मामांच्या भरवशावर कोण राहणार? पंचशीला स्वतःच राखणीला बसली. दुपारी ऊन असं तापलं की नव्या कोरड्या रांगेतलं एक रोप पार जमिनीकडे वाकलं. ती त्याच्याकडे बघत राहिली. आईनं भरून दिलेली बाटली पिशवीत होती. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच टोपण काढलं.

"ताई."

मागं केरबामामा उभे होते. काखेत वही, कानावर पेन.

"बाटली हिकडं आना. उद्या पानं तोडायचीत."

"बघवत नाही हो, मामा."

"मंग तिकडं तोंड करून बसा."

मामांनी बाटली घेतली, टोपण घट्ट लावलं आणि उभ्या उभ्या वहीत लिहिलं: 'दिवस चौदावा. दुपारी अडीच. ताईनं बाटली उघडली. घालू दिलं न्हाई.'