मल्लूकाकांचा कायम आणि बदली

मल्लूकाका धापेचा पंप घेतात तेव्हा बाकीच्या जगानं गप्प बसायचं असतं. हा नियम त्यांनी स्वतःच केलाय आणि आमची गल्ली तो मुकाट्यानं पाळते. आधी उजवा हात वर होतो. मग पंप जोरजोरात हलवला जातो, झाकण निघतं, छातीतला सगळा वारा बाहेर सोडला जातो आणि एकदा फुस्स झालं की काका डोळे मिटून, ओठ आवळून, बोटांवर आकडे मोजत श्वास धरून बसतात. तेवढ्या वेळात भाजीवाल्यानं ओरडायचं नाही, शेजारणींनी भांडायचं नाही. कुणाच्या कुकरनं शिट्टी दिलीच, तर काका एक डोळा उघडून त्या घराकडं बघतात.

माझ्या पुतण्याच्या लग्नात तर कहरच झाला. भटजी मंगलाष्टकाच्या शेवटच्या ओळीवर आले होते, पाचशे माणसं अक्षता घेऊन टपून बसली होती आणि पहिल्या रांगेतल्या काकांचा हात वर गेला. भटजींना वाटलं, मुहूर्तात काहीतरी घोटाळा झाला. ते थांबले. त्यांना बघून बँडवाला थांबला. नवरीच्या मामांनी घाबरून खाली आणलेला अंतरपाट पुन्हा वर धरला. सगळं कार्यालय काकांच्या बोटांकडं बघत होतं. श्वास सोडून झाल्यावर काका म्हणाले, "हं, चालू द्या की. मी काय कुणाला थांबवलंय?"

काका आमच्या शेजारी राहतात. पूर्ण नाव मल्लिनाथ. सोलापुरी चादरीच्या कारखान्यात जन्मभर जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. कापसाची पिंज आणि विड्या, दोन्ही त्यांनी सारख्याच प्रेमानं छातीत भरून घेतल्या. विड्या सुटल्या, धाप राहिली. डॉक्टरीणबाईंनी त्या आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं तेव्हा काका म्हणाले, "नाव कायबी असू द्या बाई. धोटा अडकतोय, एवढं खरं." काकांच्या मते माणसाची छाती हा एक मागच असतो आणि श्वास हा इकडून तिकडं पळणारा धोटा.

पहिला पंप मिळाला त्या दिवशी काकांनी तो घरी आणून खोलला. "मशीन हाय म्हणल्यावर खोलून बगाय नको?" नुसता खोलला असता तरी चाललं असतं. त्यांनी त्याच्या भोकात शिलाई मशीनचं तेल सोडलं. पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी पंपाचा वास घेतला आणि आधी नवा पंप लिहून दिला. मग त्यांनी समजावलं, की आतली डबी काढून ठेवायची, वरचं प्लास्टिक तेवढं पाण्यानं धुवायचं, वाळवायचं, बाकी कशालाही हात लावायचा नाही. औषध नीट आत जावं म्हणून त्यांनी एक प्लास्टिकचा फुगीर नळा दिला, त्याला स्पेसर म्हणतात. काका तो पंपाला लावतातही, पण एरवी त्यातून कडक भाकरीवाल्या मावशींना हाका मारतात. मावशी म्हणतात, आवाज थेट विजापूर वेशीपर्यंत जातो.

मागच्या हिवाळ्यात बाईंनी औषध बदललं. श्वासनळ्या मोकळ्या करणारी दोन औषधं एकाच पंपात, सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळेलाच घ्यायचा. जुना निळा पंप खिशात ठेवायचा, एकदम धाप लागली तरच. काकांनी दोघांना लगेच नोकरीवर ठेवून घेतलं. नवा तो 'कायम', निळा तो 'बदली'. कारखान्यात कुणी गैरहजर असला की ऐनवेळी बोलावतात तो बदली कामगार. "कायम रोज पाळीवर येनार. बदलीला गरज पडली तरच बोलवायचं," असं ते दारावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. गॅस सिलिंडरवाल्यालाही सांगितलं. त्यानं सही घेतली आणि तो पळाला.

एवढं सगळं चव्हाट्यावर करणारा हा माणूस आठवड्यातून एकदा मात्र दार लावून घेतो. रविवारी सकाळी. त्यांची एकुलती एक मुलगी लीला सुरतेला दिलेली आहे, तिचा व्हिडिओ फोन येतो तेव्हा. काकू गेल्यापासून त्या फोनवरच त्यांचा आठवडा उभा आहे. शनिवारी दाढी, रविवारी इस्त्रीचा सदरा, मग दाराला कडी. फोन झाला की बाहेर येऊन एकच तक्रार करतात. "पोरगी लई गडबडीत असती हो. बोलायला लागलं की ठेवती."

आता सुईचं सांगतो. आमच्या गल्लीतल्या समस्त बायका सुईत दोरा ओवायला काकांकडं येतात. चष्मा न लावता, एका झटक्यात. "जॉबरचा हात हाय, हलत न्हाय," हे वर. एका रविवारी माझी बायको सुई घेऊन गेली. काकांनी दोरा ओवला तो हवेत. दुसऱ्यांदा ओवला तो अंगठ्यात. मग म्हणाले, "वैनी, सुईला भोकच न्हाय. दुकानदारानं फसवलं तुमाला." बायकोनं सुई तशीच परत आणली आणि सोमवारी पुन्हा नेली. काकांनी बोलता बोलता ओवून दिली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. चहाची बशी अशी थडथडत होती, की अर्धा चहा सदऱ्यानं प्यायला.

"काकांचे हात फक्त रविवारी कापतात," बायको मला म्हणाली. "तुम्ही त्यांना दवाखान्यात न्या." मी म्हटलं, योगायोग असेल. बायकोनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी स्कूटर काढली.

डॉक्टरीणबाईंनी नाडी बघितली, कागदपत्रं बाजूला ठेवली आणि सरळ विचारलं, "रविवारी पंप जास्त मारता का?"

काका आधी छताकडं बघत राहिले. मग म्हणाले, "जादा असा न्हाय. चार-पाच दाब. थोडं वंगण सोडलं की माग जरा पळतोय."

"कुठला पंप?"

"कायम."

बाईंना त्या शब्दाचा अर्थ आता माहीत होता. त्या म्हणाल्या, "काका, कायमला ओव्हरटाइम द्यायचा नाही. जास्त मारलं म्हणून जास्त दम मिळत नाही. छाती धडधडते, हात कापतात, तोंडाला कोरड पडते, लघवी अडते. एखाद्या दिवशी हृदयाचे ठोके चुकतील आणि मग मलाही काही करता येणार नाही. धाप लागली तर निळा घ्या, मी लिहून दिलाय तेवढाच. त्यानंही बसली नाही तर इथं या, घरी वाट बघत बसू नका." आणि मग हळूच, "पण रविवारीच का?"

काका पंप खिशात टाकून उठले. स्कूटरवर मागं बसल्यावर, सात रस्ता चौकाच्या गर्दीत, माझ्या कानाशी बोलले. लीलाला गेल्या वर्षी शाळेत नोकरी लागली. किती तरी वर्षं घरात बसून लागलेली नोकरी. "तिनं माजा सुंईसुंई आवाज ऐकला तर दुसऱ्या दिवशी सगळं सोडून गाडीत बसंल बगा. आईच्या दुखण्याच्या वेळंला तसंच केलतं. म्हणून फोनच्या आदी वंगण सोडतोय. पाच मिंटं आवाज नीट लागतोय, बास." मला त्यांचा राग आला. सगळ्या सोलापूरला पंप दाखवत हिंडायचं आणि एकट्या पोरीपासून लपवायचं, तेही जिवावर उदार होऊन. मी तसं बोललोही.

पुढच्या रविवारी त्यांनी मलाच दाराच्या आत घेऊन कडी लावली. "साहेब, तुमी हितंच बसा. माजा हात कायमकडं गेला तर धरा." मी पंप माझ्या मांडीखाली ठेवून बसलो. आयुष्यात बऱ्याच गोष्टींची राखण केली, पण अशी पहिलीच. काकांनी दोनदा हात पुढं केला, दोनदा मीच डोळे वटारले. फोन वाजला. पडद्यावर लीला.

"आण्णा, जेवलात का?"

"जेव... जेवायला अजून... येळ हाय की." मध्ये दोनदा श्वास लागला. छातीतला आवाज मला खाटेवरून ऐकू येत होता, म्हणजे तिलाही येत असणार. काकांनी मान खाली घातली. "लीला, मला धाप लागती. लई दिवस झाले. तू... नोकरी सोडून येऊ नगंस."

लीला म्हणाली, "नोकरी सोडायला मला काय खूळ लागलंय का? सुट्टीत येते, तोवर डॉक्टरांचा नंबर द्या." आणि तिचा आवाज बदलला. "आण्णा, दर रविवारी तुमचा फोन हलायचा. हात कापताना दिसायचा. मला वाटायचं, माझ्याशी बोलताना तुम्हाला रडू येतंय. तुम्हाला जास्त त्रास नको, म्हणून मी पटकन ठेवून द्यायचे."

काकांनी फोन दोन्ही हातांनी घट्ट धरला. मी पंप खाटेवर ठेवून उठलो आणि कडी काढून बाहेर आलो. माझे डोळे भरले होते आणि मांडीत पंपाचं टोक रुतलेलं होतं, दोन्ही सांगून टाकतो. आत काका शाळेचं, जावयाचं, सुरतेच्या पाण्याचं विचारत होते. प्रत्येक वाक्यात दम खायला थांबत होते. आणि लीला दर वेळी, घाई न करता, त्यांचं पुढचं वाक्य येईपर्यंत थांबत होती.